तिच्या नावावरचं दुकान

गल्लीत तिला सगळे कवळीताई म्हणत, कारण ती कवळ्या करायची. दातांच्या लॅबमध्ये खिडकीजवळचं टेबल तिचं. डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडाचे साचे यायचे, त्यावर ती मेणात एकेक दात बसवायची आणि मग गुलाबी हिरड्या अशा घासायची की लॅबचे मालक म्हणायचे, "ताई, तुमची कवळी घालून माणूस खोटं बोलला तरी खरं वाटेल." एकवीस वर्षं हेच काम. घरी नवरा, दुकानादुकानांतून वजनकाटे दुरुस्त करणारा, आणि कॉलेजात शिकणारी मुलगी. दोघांचे पगार एका खात्यात जमा व्हायचे, त्यातून घर चालायचं. कर लॅबवाले पगारातूनच कापून घेत, त्यामुळे त्या विषयाकडे तिने कधी मान वळवून पाहिलं नव्हतं.

लिफाफा आला मंगळवारी सकाळी, ती डबे भरत होती तेव्हा. कर कार्यालयाचा शिक्का. आत दोन पानं. तिचं नाव, तिचा पत्ता, आणि खाली लिहिलेलं, की गेली तीन वर्षं तिच्या नावावर विजेच्या सामानाचं एक दुकान चालू आहे, त्याचं उत्पन्न तिने कुठेच दाखवलेलं नाही. आकडा तिच्या सात वर्षांच्या पगाराएवढा होता. पंधरा दिवसांत पुराव्यांसह उत्तर द्या, नाहीतर बँक खातं गोठवण्यात येईल.

चुकून आपल्याकडे आलंय, असंच तिला आधी वाटलं. मग दुकानाचा पत्ता वाचला. ते दादाचं दुकान होतं. तिच्या सख्ख्या मोठ्या भावाचं.

तीन वर्षांपूर्वी तो फाईल घेऊन आला होता. "एक दुकान माझ्या नावावर आहेच. दुसरंही माझ्याच नावावर काढलं तर कर अंगावर येतो. तुझं नाव फक्त कागदावर गं. बाकी मी बघतो." ती भांडी घासत होती. ओले हात पुसले आणि ओट्याशी उभ्या उभ्या सही केली. नवऱ्याला सांगितलं नाही, कारण त्याचं आणि दादाचं विळ्याभोपळ्याचं सख्य. उगाच घरात वाद कशाला, म्हणून गप्प राहिली.

आताही ती गप्पच राहिली. लिफाफा लॅबमधल्या खणात, मेणाच्या पट्ट्यांखाली दडवला.

पुढचे दिवस तिने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. रोज घरी जाताना ती कोपऱ्यावरच्या दुकानात साबणाची एक वडी घ्यायची आणि कार्डाने पैसे द्यायची. साबण नको असायचा. कार्ड चालतंय का, खातं अजून उघडं आहे का, एवढंच पाहायचं असायचं. यंत्र टूं करेपर्यंत ती त्यावरची नजर हलवायची नाही. त्या खात्यात नवऱ्याचाही पगार होता. मुलीची फी वीस तारखेला भरायची होती. खातं गोठलं तर नवऱ्याला काय सांगायचं? दाराला सील लावतात का? बायकांना कुठे नेतात? विचारायचं कोणाला? विचारलं की फुटलंच.

चौथ्या दिवशी तिची एक कवळी परत आली. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. डॉक्टरांनी चिठ्ठी जोडली होती, 'आजोबांचं तोंड मिटत नाही.' मालकांनी ती तिच्या टेबलावर न ठेवता स्वतःच दुरुस्तीला घेतली. त्याचाच तिला जास्त धसका बसला.

शनिवारी दुपारी बेल वाजली. तिने दाराच्या भोकातून पाहिलं. हातात वही, खांद्याला बॅग, गळ्यात ओळखपत्र. ती मागच्या मागे न्हाणीघरात शिरली आणि कडी लावून घेतली. मुलीने दार उघडलं. माणूस विजेच्या मीटरचा आकडा घ्यायला आला होता. तो गेल्यावर मुलीने न्हाणीघराचं दार वाजवलं, बराच वेळ वाजवलं. कडी निघाली तेव्हा आई उपड्या बादलीवर बसली होती.

"आई, तुला कोण आलंय असं वाटलं?"

तिची दातखीळ बसली होती. मुलीने पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला, आणि हळूहळू सगळं बाहेर आलं. ऐकून मुलगी म्हणाली, "बाबांना तू सांगतेस की मी सांगू?"

"आधी दादाला भेटते," ती म्हणाली. "तो काहीतरी मार्ग काढेल."

दादाने दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं. नोटीस वाचताना त्याच्या तोंडचं पाणी पळालं, ते तिने पाहिलं. पण बोलला तो वेगळंच. "सही तुझी आहे ना? मग उत्पन्नही तुझंच. मान्य कर, हप्ते पाडून घे. दर महिन्याला मी देत जाईन."

"कुठून देशील?"

त्याने शटर आणखी खाली ओढलं. शटरखालून रस्त्यावरचे पाय तेवढे दिसत होते. मग हळू आवाजात म्हणाला, "तू माझं नाव घेतलंस तर मी आत जाईन. आईला तोंड दाखवशील?"

ती घरी पोचायच्या आत आईचा फोन. "आपलेच दात, आपलेच ओठ, बाई. चावले म्हणून कोणी दात पाडतं का?"

रविवारी सकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. तो संथ माणूस. ऐकतानाही सावकाश ऐकायचा. सगळं ऐकून उठला, धुतलेलाच कप पुन्हा धुतला, पुसला, जागेवर ठेवला.

"काहीतरी बोल ना," ती म्हणाली. "ओरड हवं तर."

"ओरडणार आहे," तो म्हणाला. "आधी घाबरून तरी घेऊ दे." आणि तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसला. त्या सहा दिवसांत पहिल्यांदाच तिला एकटं वाटलं नाही.

मग तिघांनी घरातले सगळे कागद जेवणाच्या टेबलावर आणून ओतले. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती, पण असं कधी केलं नव्हतं. बुटांच्या खोक्यातल्या पगाराच्या पावत्या, गादीखालचे विम्याचे कागद, नवऱ्याच्या हत्यारांच्या पेटीत सापडलेली बँकेची पत्रं, काही तर फोडलेलीसुद्धा नव्हती.

"दुकानातला पैसा आपल्या खात्यात कधी आला होता का?" नवऱ्याने विचारलं.

"एक पैसा नाही."

"मग तेच दाखवायचं."

मुलीने तीन वर्षांची खात्याची पानं बँकेच्या संकेतस्थळावरून काढून आणली आणि दिवसभर बसून एकेक नोंद तपासली. पगार, भाडं, फी, औषधं, किराणा. बाहेरचं काही नाही. आपलं सगळं आयुष्य एवढ्याच पानांत मावतंय हे बघून कवळीताईला क्षणभर हसू आलं.

संध्याकाळी मुलीने दुकानाच्या परवान्याचे दरवर्षीचे अर्जही तसेच संकेतस्थळावरून मिळवले. पहिल्या वर्षीची सही तिची होती. पुढच्या दोन वर्षांच्या अर्जांवरही तिच्याच नावाची सही होती, पण ती तिने केलेली नव्हती.

नवऱ्याने काट्यावरच्या बारीक रेघा बघायचं भिंग आणलं आणि सही बराच वेळ न्याहाळली. "ही काढलेली आहे," तो म्हणाला. "लिहिलेली नाही."

आता भीती दुप्पट झाली. तोंड मिटलं तर घर बुडणार, उघडलं तर भाऊ. ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी दादाच्या दारात जाऊन उभी राहिली. आत गेली नाही.

"उद्या मी कर कार्यालयात जातेय. माझ्या आधी तू गेलास तर तुझं तुला सांगता येईल."

"आजपासून मला बहीण नाही," दादा म्हणाला आणि दार लावलं. दाराआड वहिनीचा रडण्याचा आवाज तिला जिना उतरेपर्यंत ऐकू आला.

दादा गेला नाही. ती गेली, नवऱ्याबरोबर. कार्यालयात लांब बाक, भिंतीवर लाल आकडे. तिचा नंबर चौसष्ट होता. बासष्ट लागला तेव्हा ती उठून निघालीच होती. नवऱ्याने हात धरला.

अधिकारी बाई सर्दीने बेजार झाल्या होत्या. त्यांनी खात्याची पानं उलटली, अर्ज समोर ठेवले.

"दुकान कोणाचं?"

बाईंनी नाक पुसलं आणि वाट पाहिली.

"माझ्या भावाचं."

"ही पहिली सही?"

टेबलाखाली नवऱ्याचा पाय तिच्या पायाला लागला. नाही म्हटलं असतं तर खपून गेलं असतं.

"माझी. न वाचता केली, पण मीच केली."

"आणि ह्या दोन?"

"माझ्या नाहीत."

"हे लेखी द्यावं लागेल. भावाला बोलावणं जाईल."

तिने पेन घेतलं. केसाएवढा फरक ओळखून दात बसवणारा तिचा हात इतका कापत होता की पहिली ओळ वाचता येईना. बाईंनी दुसरा कोरा कागद पुढे सरकवला. "सावकाश लिहा. मला घाई नाही."

चौकशी चार महिने चालली. उत्तर वेळेत गेलं म्हणून खातं गोठलं नाही, पण दारावरच्या प्रत्येक थापेला ती दचकायची. दुसऱ्या सुनावणीत सह्या तज्ज्ञाकडे पाठवायच्या ठरल्या, तेव्हा दादा खाली मान घालून म्हणाला, "नका पाठवू. मीच केल्यात." कबुली दिल्यामुळे त्याचा तुरुंग टळला. कर आणि दंड भरायला त्याला ते दुकान विकावं लागलं. पहिल्या वर्षी नाव दिल्याबद्दल कवळीताईलाही दंड बसला, चार महिन्यांच्या पगाराएवढा. तो तिने दहा हप्त्यांत फेडला.

आता महिन्यातल्या एका रविवारी तिघं कागद घेऊन बसतात. मुलगी वाचते, नवरा लिहितो, आणि कवळीताई प्रत्येक ओळीला "म्हणजे काय?" विचारते, समजेपर्यंत विचारते. तिच्या ह्या प्रश्नांनी दोघं जेरीस येतात. आईचा फोन येतो, पण बोलणं तब्येतीच्या पुढे जात नाही.

गेल्या महिन्यात बाजारात दादा समोरून आला. ती जागीच थांबली. त्याला बाजूच्या बोळात वळता आलं असतं, पण तो वळला नाही. हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली, तिच्याकडे पाहिलं.

"बारीक झालीस," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

मग तो पुढे गेला, आणि तीही.