चिमूटभर माती

सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या तळमजल्याच्या घरामागे दोन चटयांएवढी जागा होती. २००४ साली तिथे मी परसबाग केली. म्हणजे खणलं मी, आणि नारळ फोडून उद्घाटन केलं सोसायटीच्या सेक्रेटरींनी. आठवड्यात टोमॅटोची रोपं करपली. पुन्हा लावली, तीही गेली. सेक्रेटरींनी तज्ज्ञ बोलावण्याचा ठराव मांडला.

आमच्याकडे रोज येणारी भाजीवाली जवळच्याच पेणकरपाड्याची, साठीची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही, तिनंही माझं विचारलं नाही. टोपली उतरवली की ती आधी भाजीवर पाणी शिंपडायची, मग स्वतःच्या तोंडावर. दुसरी रोपं करपलेली दिसली त्या दिवशी ती सरळ वाफ्याशी जाऊन बसली, चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि बाजूला थुंकली.

"खारी हाय. हितं मिठागर व्हतं, माजा बाप राबायचा. बिल्डरनं सांगितलं न्हाय?"

"माहितीपत्रकात फक्त स्विमिंग पूल होता."

"त्यो तरी कुठं हाय? पालक लाव भाऊ. त्याला खारं चालतंय."

पालकाचं एक गिऱ्हाईक आपण कायमचं घालवतोय, हे तिला कळत नसेल असं नाही. तिनं टोपली डोक्यावर घेतली आणि गेली.

पालक जोमाने आला. सेक्रेटरींनी वाफ्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. पहिली जुडी मी तिला दिली. तिनं एक पान तोडून सावकाश चावलं.

"भाजीत मीठ बेतानं घाल," ती म्हणाली. "माज्या बापानं आधीच घातलंय."