खाली उतरलेलं ऑईल

जळक्या ऑईलचा वास आला की कसबा बावड्यातलं आमचं अंगण आठवतं. अर्धांगवायूनं पडलेल्या वडिलांनी तीन महिने तोंडातून शब्द काढला नव्हता. त्यांच्या जुन्या मोटारसायकलला गिऱ्हाईक येणार म्हणून मी ऑईल बघितलं, तर ऑईल मोजायची पट्टी कोरडी. लिटरभर ओतून किक मारली आणि अंगण निळ्या धुरानं भरलं, ऑईल भसाभसा खाली सांडायला लागलं. खिडकीलगतच्या कॉटवरून अडखळत आवाज आला, "संपलं न्हवतं त्ये. गाडी उभी हाय म्हणून खाली इंजिनात उतरलंतं. आदी चालू करून, वर आल्यावर बघायचं की!" मी धावत आत गेलो, तर त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलेलं. गाडी विकायचं आम्ही त्यांच्या उशाशी बसूनच ठरवलं होतं, मोठमोठ्यानं, ते तिथं नसल्यासारखं. गाडी आजही अंगणात आहे. ते पुन्हा बोलले नाहीत.