बाबांच्या कार्डावर जमा झालेला कर

माझ्या लाडक्या नातवंडांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर तुमच्यातली मोठी म्हणाली, "आजी, कॉफीच्या दुकानातल्या पगारातून टॅक्स कापतात. परत मिळतो म्हणे, पण अर्ज कोण करत बसणार? जाऊ दे." फोन ठेवल्यावर माझा चहा गार झाला. हे माझ्याकडून सहसा होत नाही. म्हणून आज सकाळची कामं आटोपली, टेबल पुसलं आणि लिहायला बसले. आपल्या वरच्या खोलीत भाड्याने राहायची ती मुलगी तुम्हाला आठवत असेल. तुम्ही आला होतात तेव्हा लोणारचं सरोवर दाखवायला तुम्हाला तीच घेऊन गेली होती. तिची ही गोष्ट आहे.

ती दुसरबीडची, घरची शेती. बुलढाण्याला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि संध्याकाळी एका खाजगी क्लासमध्ये आठवी-नववीच्या मुलांना गणित शिकवायची. पुढे तिला बी.एड. करायचं होतं. वडिलांनी मात्र स्पष्ट सांगून टाकलं होतं, "कॉलेज झालं तुह्यं. फुडचं तुह्या कमाईत होत असंल तर कर, नाही तर पाहुणे पाहाले येतीन."

ती दर महिन्याला पैसे बाजूला टाकत होती, पण क्लासवाले तिच्या मानधनातला दहावा हिस्सा आयकर म्हणून कापत. तेवढे पैसे हाती आले तर प्रवेशाची फी पुरी होत होती, नाही तर नाही.

"गेले ते, आजी," ती म्हणाली.

"गेले नाहीत," मी म्हटलं. "तुझी कमाई कर लागण्याइतकी नाहीच. ते पैसे तुझेच आहेत, फक्त मागायचे आहेत." निवृत्त झाल्यापासून माझं रिटर्न मीच भरते, त्यामुळे मी हे अगदी ठासून सांगू शकले.

जूनमधल्या एका रविवारी आम्ही लॅपटॉप उघडून बसलो. आयकराच्या संकेतस्थळावर तिचं खातं उघडायचं तर आधारला जोडलेल्या फोनवर ओटीपी येतो. तो फोन वडिलांचा, आणि वडील शेतात. तिने माझ्यासमोरच स्पीकरवर फोन लावला.

"बाबा, मेसेजमंदी एक आकडा आला असंल. सांगा पटकन."

"आला. पन सांगत नाही."

"काऊन?"

"बँकेतल्या सायबानं सांगतलं हाये, आकडा कोनालेच सांगू नका म्हनून."

"बाबा, मी तुमची पोरगी बोलून राह्यली!"

"सारे असंच म्हनतेत."

मी मध्ये पडले. त्यांनी मला ओळखलं, नमस्कार केला, मी पिकाची चौकशी केली तर त्याचंही उत्तर दिलं. आकडा दिला नाही. शेवटी तिने व्हिडिओ कॉल करून तोंड दाखवलं तेव्हा कुठे त्यांची खात्री पटली. तोवर ओटीपीची मुदत संपली होती. दुसरा मागवला.

खातं उघडलं. कापलेल्या कराचा तक्ता पाहिला. तो रिकामा होता.

आम्ही दोघी त्या कोऱ्या जागेकडे पाहत राहिलो. मग मला शंका आली. "क्लासला पॅन कार्ड कोणाचं दिलंस?"

"बाबांचं," ती म्हणाली. त्यात काही वावगं आहे असं तिला वाटलंच नव्हतं. शिष्यवृत्ती असो, वसतिगृह असो, पाचवीपासून जो कागद मागितला गेला तो वडिलांचाच. तिचं स्वतःचं कार्ड बँकेत खातं काढताना झालं होतं आणि सातबाऱ्यासोबत वडिलांच्या लोखंडी पेटीत जाऊन बसलं होतं; तिच्याकडे होता तो फक्त बँकेच्या कागदावरचा नंबर. शिकवलं हिने आणि वर्षभराचा कर वडिलांच्या नावावर जमा झाला होता.

क्लासच्या कर सल्लागाराने फोनवर सोपी वाट सांगितली. वडिलांनाच रिटर्न भरू द्या, पैसे त्यांच्या खात्यात येतील. ते ऐकून वडील दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आमच्या दारात हजर. मुलीचं कार्ड रुमालात गुंडाळून आणलेलं.

"मॅडम, मी आयकरवाला झालो का काय आता? शेतकऱ्याले सरकार जे पैसे देते, ते बंद होतीन माहे!"

ही भीती काही उगाच नव्हती; आयकर भरणाऱ्या शेतकऱ्याला ती मदत मिळत नाही. आणि मुळात त्यांनी कधी कोणाला गणित शिकवलं नव्हतं. जे खरं होतं तेच नोंदवलं जायला हवं होतं.

आम्ही तिघं क्लासवर गेलो. क्लासचे मालक अदबीने वागले, खुर्च्या दिल्या, पण म्हणाले, "कार्ड तिनेच चुकीचं दिलं ना? आमचा हिशोब सरकारला गेला. आता ते सगळं पुन्हा कोण उघडणार?"

मी बोलायला तोंड उघडलं होतं, पण ती आधी बोलली. "हो सर, चूक माझीच. पण वर्गात मुलांचं गणित चुकलं की तुम्ही मला काय सांगता? तसंच सोडू नका, पुन्हा सोडवून घ्या. मग हेही पुन्हा सोडवू या."

तेवढ्यात वडील खुर्चीत ऐसपैस टेकले. "सावकाश करा, सर. मले संध्याकाळच्या गाडीपर्यंत काईच काम नाही."

मालकांना हसू आवरेना. त्यांनी आमच्यासमोरच सल्लागाराला फोन लावला आणि दुरुस्तीचं विवरण भरायला सांगितलं.

त्यानंतर ती रोज तक्ता उघडून पाहायची. एक दिवस नोंद दिसली, तिच्या नावावर, सगळीच्या सगळी. रिटर्न तिने स्वतः भरलं; मी शेजारी चष्मा लावून नुसती बसले होते. पुढे एका दुपारी जिन्यावरून अशी आरोळी आली, "आजी! आले!" की शेजारच्या काकू हातातलं लाटणं घेऊन बाहेर धावल्या. फीची मुदत अजून संपली नव्हती. त्याच दुपारी तिने फी भरली आणि मग वडिलांना फोन केला.

"सरकारनं वापस देल्ले? पुरे?"

"पुरे, बाबा. फी पन भरली."

वडील म्हणाले, "बरं. पाहुण्याईले सांगून देतो, येऊ नका म्हनून."

त्या दिवशी मी शिरा केला आणि तूप हात सैल सोडून घातलं.

तेव्हा बाळा, तू तो अर्ज कर. घामाचे पैसे 'जाऊ दे' म्हणून सोडायचे नसतात.

वरच्या खोलीत आता दुसरी मुलगी राहते. आपली दुसरबीडची मुलगी बी.एड. करून आता एका शाळेत गणित शिकवते. तिचं पॅन कार्ड वडिलांच्या पेटीत परत गेलं नाही. ते अजून तिच्याच पर्समध्ये असतं.