बाल्कनीतला विलायती सापळा

जुन्या बाजारात मी गेलो होतो मिक्सरचं झाकण शोधायला आणि परत आलो शिकारी घेऊन. म्हणजे त्यांच्या तसबिरी. तांब्याच्या पत्र्यावर बारीक रेषा कोरून कागदावर छापलेली तीन जुनी विलायती चित्रं. पहिल्यात एक गृहस्थ पोटावर पालथा पडून सशाच्या बिळाला जाळी लावतोय. दुसऱ्यात दोघे जण लावे पक्षी पकडायला शेतातून जाळं ओढत निघालेत, अंगात कोट, गळ्यात रुमाल, जणू लग्नाला चाललेत. आणि तिसऱ्यात काठीवर तिरपी टेकवलेली टोपली, खाली दाणे, काठीला दोरी आणि दोरीचं टोक धरून झाडामागे लपलेला एक लठ्ठ माणूस. झाड बारीक, माणूस दोन्ही बाजूंनी बाहेर. पाहताक्षणी मला तो घरचा वाटला.

कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलासमोर मी तिन्ही चित्रं टांगली. आमटी वाढता वाढता बायकोने वर पाहिलं.

"अहो, हा ससा माझ्याकडे बघतोय."

"अगं, हेच तर कोरणाऱ्याचं कसब!"

"त्याच्या डोळ्यांदेखत मी जेवणार नाही. रविवारी ताई येतेय. तिने दिलेले मोर तिथे लागले पाहिजेत. हे सगळे माळ्यावर."

ताईंच्या मोरांचे पिसारे चमकीचे आहेत आणि बटण दाबलं की त्यात दिवे लागतात. मी कळवळून म्हणालो, "ही नुसती शोभा नाही गं, ही विद्या आहे!"

"कोणाच्या उपयोगाची?"

नेमकं तेव्हाच बाल्कनीत कबुतर घुमलं. धुतलेल्या चादरी रोज खराब करणारं तेच ते.

"त्याला पकडून दाखवा," ती म्हणाली. "मग राहू देत भिंतीवर."

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर बायको शेजारी गेली आणि मी बाल्कनीत सापळा मांडला. पापडांची दुरडी, टेकू म्हणून लाटणं, सुतळी, आणि डब्यात हाताला लागला तो तांदूळ. चित्रातल्यासारखं सगळं जमलं. फक्त वाट किती वेळ पाहायची, ते चित्रात कुठे दिसत नव्हतं. पोटात वरणभात, त्यात पुण्यातली दुपार. मी चटई अंथरली, सुतळी पायाच्या अंगठ्याला बांधली आणि जरा पाठ टेकली. पंख फडफडले की मी दचकणार, पाय हलणार, दुरडी पडणार. बेत बिनचूक होता.

फडफड झाली नाही. बांगड्या वाजल्या. मी दचकलो, पाय हलला आणि दुरडी पडली.

"अहो."

आवाज दुरडीच्या आतून येत होता, आणि फार शांत होता. शेजारून परतलेली बायको तांदूळ गोळा करायला वाकली होती आणि खांद्यापर्यंत शिकार झाली होती.

"हा आंबेमोहोर आहे?"

"थोडासाच गं."

"मला सांगता, खिचडीला जुना तांदूळ संपव. आणि त्या मेल्याला आंबेमोहोर!"

मेलं कठड्यावर बसून सगळं ऐकत होतं.

मी आत गेलो आणि खिळ्यावरून लठ्ठ माणसाला उतरवू लागलो. माळ्यावर जागा कुठे होईल, याचाच विचार चालला होता.

"थांबा," बायको म्हणाली. केसांत तांदूळ तसाच. तिने चष्मा लावला आणि चित्राला नाक लावून पाहिलं. "ह्याने काठी टोपलीच्या कडेला लावलीय. तुम्ही मधोमध. शिवाय त्याची काठी बारीक आहे, माझं लाटणं नाही. आणि मुख्य म्हणजे, तो जागा आहे."

तिने लाटण्याच्या जागी लाकडी चमचा लावला, सुतळी घेतली आणि वॉशिंग मशीनमागे जाऊन बसली. मला श्वास घ्यायलाही मनाई. थोड्या वेळाने कबुतर उतरलं, एक दाणा टिपला, दुसरा टिपला, मान आत घातली, आणि धप्प!

"धरलं!" ती अशी ओरडली की खालच्या मजल्यावरून कोणी तरी विचारलं, कोणाला?

मग तिने दुरडी उचलली, कबुतराला चादरींवरून सणसणीत ऐकवलं आणि सोडून दिलं. ते समोरच्या फ्लॅटच्या एसीवर जाऊन बसलं आणि पुन्हा घुमू लागलं.

रविवारी ताई आल्या. आल्या आल्या भिंतीकडे पाहून म्हणाल्या, "माझे मोर कुठे गेले गं?"

"बेडरूममध्ये आहेत. तू आधी हे बघ." बायकोने हातातली पळी जाळं ओढणाऱ्या दोघांच्या चित्रावर रोखली. "याला दोन माणसं लागतात. एका टोकाला हे. दुसऱ्याला कोण, ते ठरायचंय."

मी आशेने ताईंकडे पाहिलं. आता तरी कोणी तरी शहाण्यासारखं बोलेल.

ताईंनी पर्स खुर्चीवर ठेवली, चित्र नीट न्याहाळलं आणि विचारलं, "मच्छरदाणी चालेल?"