मुका गज

“बाबांनी एकदा ऐकलं ना, मग कुनी नाय ऐकलं तरी चालंल,” असं ऋतिक एकदा म्हणाला होता. चौक गावातल्या गॅरेजात टायर खोलता खोलता, मान वर न करता.

बाबा म्हणजे हिरामण. नात्याचा कुणी नव्हे. डोंगराखालच्या वाडीतला, त्याला किंगरी शिकवणारा म्हातारा. करवंटी, वेळूचा दांडा, एक तार आणि ती घासायला घोड्याच्या केसांचा गज, एवढीच किंगरी. हिरामणच्या वाडीत एके काळी किंगरीवाला येऊन बसल्याशिवाय हळद लागत नसे. आता डीजे येतो.

हिरामणची शिकवण उलटी. पहिलं वर्षभर दांड्यावर तारच नाही. मोकळ्या दांड्यावर नुसता गज ओढायचा. “आधी हात शिकू दे. सूर मागनं येतो.” घरात हसू व्हायचं. बहीण आरोही विचारायची, “दादा, आज कंचं गानं नाय वाजवलंस?”

दुसऱ्या वर्षी तार चढली. पण हिरामणने बारा वर्षं खडी मशीनवर काढलेली, त्याचे कान तेव्हाच विझत आले होते. पुढे समोर बसून वाजवलं तरी त्याला गज दिसायचा, सूर पोचायचा नाही. मोठ्या स्पीकरमधून आलं तरच काही कळायचं. आणि नियम असा की शिष्याने हळदीच्या मांडवात पुरी चाल वाजवायची, गुरूने ती ऐकायची आणि मग आपला गज त्याच्या हाती द्यायचा. तोवर शिष्य शिकाऊच. सात वर्षं ऋतिक शिकाऊ होता.

या वैशाखात राजेशचा फोन आला. तो कर्जतच्या फार्महाऊसवर लग्नांचे कार्यक्रम करून देतो. “पार्टीला पारंपरिक पाहिजे. फेटा मी देतो. स्पीकर? दहा आहेत!”

हळदीच्या दिवशी हिरामणला त्याचा मुलगा सखा रिक्षातून घेऊन आला. स्पीकरजवळची खुर्ची. धुतलेली टोपी. मांडीवर पंच्यात गुंडाळलेला गज.

ऋतिक बसला, तर पुढ्यात माइक नव्हता.

“किंगरी रेकॉर्ड करून आणलीय,” राजेश म्हणाला. “एकदम क्लीन. तू फक्त गज फिरव, तारेला लागू देऊ नको.”

“मी वाजवतो की. एक माइक द्या.”

“सेटिंग झालंय रे सगळं. नसेल जमत तर फेटा उतरव, वेटरला बसवतो. हातच तर हलवायचाय.”

ऋतिकने हिरामणकडे पाहिलं. हिरामणने मान हलवली, कर सुरू. ऋतिकने गज उचलला.

स्पीकरमधून गोड, गुळगुळीत सूर आला. त्यात कुठे खरखर नव्हती, करवंटी नव्हती. ऋतिकचा गज तारेच्या बोटभर वरून फिरत राहिला. पहिल्या वर्षाचा हात होता तो. कुठेही चुकला नाही.

चाल संपली तेव्हा हिरामण उभा होता. डोळे गळत होते. बहिरी माणसं ओरडतात तसा तो ओरडला, “ऋत्या! तार बोलली रं! माझ्या बापाच्या हातालाबी ही गोडी नव्हती!”

पाहुणे हसले. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी मोबाइल धरला. हिरामणने पंचा सोडून गज ऋतिकच्या हातात ठेवला. “घे. आता तू शिकाऊ नाय.”

राजेशने पाठीवर थाप मारली. “बोललो नव्हतो? कुणाला कळतंय!”

गजाची मूठ घामाने काळी झालेली होती, तीन पिढ्यांच्या. ऋतिकने तोंड उघडलं. म्हाताऱ्याला खरं सांगायचं तर आता ऋतिकलाही ओरडावं लागणार होतं. अख्ख्या मांडवाला ऐकू गेलं असतं, हिरामण सोडून.

त्याने गज पुन्हा पंच्यात गुंडाळला, गाठ मारली आणि म्हाताऱ्याच्या हातात परत दिला. फेटा काढून स्पीकरवर ठेवला. किंगरी काखोटीला मारली.

“का रं? काय झालं? कमी पडला का माझा गज?” हिरामण ओरडत होता.

हळदीच्या ताटांमधून वाट काढत ऋतिक मांडवाबाहेर पडला.