गुऱ्हाळातला इंग्रजीचा तास
आज शिजलेल्या डाळीत गूळ पडला आणि त्या वासासरशी मी बेलापूरजवळच्या एका गुऱ्हाळात जाऊन पोचले. सत्तर-एकाहत्तर साल असेल. मी पाचवीत होते आणि इंग्रजीच्या तासाला माझ्या तोंडून एक शब्द फुटत नसे. मास्तरांचा नियमच होता, जे करताय ते करता करता इंग्रजीत सांगायचं. वर्गात चालून झालं, खिडक्या उघडून झाल्या, तेव्हा त्यांनी आमची वरात थेट गुऱ्हाळात नेली. चुलाणाचा धूर डोळ्यांत जात होता, मधमाश्या घोंघावत होत्या आणि पोरं ओरडत होती, "आय ॲम ड्रिंकिंग रस!" काहिलीतला रस ढवळणारे आजोबा मास्तरांना म्हणाले, "गुर्जी, मी काय करतुय ते बी सांगा की." मास्तरांनी सांगितलं मात्र, रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक बैलगाडीला आजोबा हाळी द्यायला लागले, "आय ॲम मेकिंग गूळ!" गाडीवान दचकून बघायचे. मग उसाच्या कांडीला गरम गूळ लावून आजोबांनी माझ्या हातात दिला. "मला म्हाताऱ्याला येतंय, आन् तुला न्हाई व्हय येत?" मी चटकन चाटला, जीभ पोळली, आणि हसता हसता माझ्या तोंडून निघून गेलं, "आय ॲम ईटिंग गूळ!" मास्तरांनी आनंदानं टोपीच उडवली. आज पुरण ढवळताना घरात कुणी नव्हतं. खाली भाजीची हातगाडी चालली होती. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि भाजीवाल्याला हाळी दिली, "आय ॲम मेकिंग पुरण!"