कुंकवाचा डाग पडलेली डिग्री

एसटी सुटायच्या आधी बाबांनी खिडकीशी येऊन विचारलं होतं, "हितं काय कमी होतं रे?" माझ्याऐवजी माझी बायको सुलोचना बोलली, सासऱ्यांसमोर पहिल्यांदाच. "मामंजी, पोराला कॉलेजात घालायचंय." पोर तेव्हा तिच्या पोटात होतं.

वाडीतल्यांनो, आणि माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांनो, मी चौथी शिकलेला. सांगण्यात काही चुकलं तर चुकलं.

भाईंदरला मी स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशला लागलो. थुंकी काळी पडायची. सुलोचना जेसल पार्कात घरोघरी पोळ्या लाटायची. गावात तिला सगळे नावाने हाक मारायचे, इथे ती "चपातीवाली बाई" झाली. हे सगळं एका कागदासाठी.

तो कागद आला. आमचा सुहास बी. कॉम. झाला. नवीन वस्तू घरात आली की देवापुढे ठेवून आपण हळदकुंकू लावतो. तसं तिने डिग्रीला लावलं, ओल्या बोटाने, नेमकं शिक्क्यावर. सुहास ओरडला, "आई, ओरिजिनल आहे ते!" घाबरून तिने पदराने पुसलं, तर डाग आणखी पसरला.

त्यानंतर कुठल्याही इंटरव्ह्यूत नकार आला की ही देवापुढे जाऊन बसायची. तिला वाटायचं, साहेब लोक डाग बघूनच नको म्हणतात. शेवटी सुहास काशीमीऱ्याला गोडाऊनमध्ये लागला, खोक्यांवर स्टिकर चिकटवायला. अजून तेच करतोय. यंदा शिमग्याच्या सुमारास सुलोचना गेली. अंथरुणावर पडूनही म्हणत होती, "माझ्या बोटाने पोराचं वाटोळं झालं हो."

गेल्या आठवड्यात सुहासची मुलगी स्वरा कॉलेजचा फॉर्म घेऊन बसली. बारावी झाली तिची. सुहास म्हणाला, "काही उपयोग नाही त्याचा. माझी डिग्री आजवर एकानेही बघायला मागितली नाही."

माझा घास हातातच राहिला. "एकानेही?"

"झेरॉक्स पण नाही."

"मग आईला का नाही सांगितलंस?"

तो ताटाकडे बघत म्हणाला, "काय सांगू बाबा? ज्याच्यासाठी गाव सोडलंत, ते कुणी बघत पण नाही, असं?"

कॉलेजवाल्यांचा राग आला, पोराचाही आला, आणि माझाही. एवढी वर्षं मी तरी तिला कुठे म्हटलं, तुझा दोष नाही म्हणून?

स्वराने विचारलं, "आजोबा, जाऊ की नको?" म्हटलं, मला काय कळतंय त्यातलं. शिकावंसं वाटत असेल तर जा. नोकरीच्या आशेने जाऊ नको, आणि आमच्यासाठी तर मुळीच नको. तिने फॉर्म भरला.

तुम्ही फोनवर म्हणता, सुलोचना गेली, आता काय करतोस तिथे, परत ये, खोली झाडून ठेवलीय. डिग्री मी देवाशेजारी भिंतीला लावलीय. त्यावरचं इंग्रजी मला येत नाही. तिचं बोट कुठे टेकलं, तेवढं दिसतं. ते सोडून मी कुठे येऊ?